माया

दांडिया बाजारात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या वर,
सरोज नाझरे ब्लाउज शिवायच्या.
मी जिन्याखाली काजं-बटणं करायचो, काजामागे पंधरा पैसे,
आणि शाळेत नापास व्हायचो, ते फुकट.

गिऱ्हाईक जिना चढून येईतो
पावलांवरूनच त्यांना कळायचं
उजवा खांदा किती उतरलाय.
"टेप खोटं बोलत नाही," म्हणायच्या,
"पण विचारलं तेवढंच सांगतो."

मकरपुऱ्याच्या एका कारखान्याला
चाळीस बॉयलर सूट हवे होते.
मापं घ्यायला गेल्या. पाठोपाठ मी, पिशवी घेऊन.
तिथं काचेपलीकडे, पांढऱ्या टोप्यांतले तीन इंजिनियर
एका सोनेरी कागदाभोवती सुतकात बसल्यासारखे.
कागद कसला, केसाहून पातळ पदरावर पदर,
मधून फ्रॉकला लावतात तसली जाळी.
उपग्रहाची गोधडी.
थंडीच्या पेटीत घातली की कोपऱ्यात फाटायची.
त्या दिवशी तिसऱ्यांदा फाटली होती.

नाझरेबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या.
मग पांचालसाहेबांना, गिऱ्हाइकाला सांगावं तसं:
"बगलेत ओढतंय. माया ठेवली नाहीत तुम्ही."

साहेबांना मराठी येत होतं, म्हणूनच घोटाळा झाला.
"माया? बेन, हे यंत्राचं काम आहे."

त्यांनी माझ्या शर्टाची बाही उलटी केली, मी आतच असताना.
शिवणीमागे दडवलेलं बोटभर कापड दाखवलं:
"ही. पोरगं वाढतं म्हणून.
तुमचं आकसतं. हिशेब तोच."

कोणी हसलं. एकानं वहीत लिहून घेतलं.

मग रोज संध्याकाळी शिलाई आटोपली
की जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची,
निवडणुकीचे निकाल, श्रद्धांजल्या, साड्यांचा सेल,
त्यातून त्या उपग्रह बेतायच्या.
"ऊन कुठल्या अंगाला? आणि पाठीला?
म्हणजे पोट भाजतं, पाठ गोठते. बाळंतिणीगत."
बगलेत कळी घातली. टाके निम्मे केले.
"सुई टोचते तिथून ऊब पळते,
हे आईनं दुलई शिवताना सांगितलेलं,
तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्याच साली विश्वामित्री चढली,
मगर गल्लीच्या तोंडाशी येऊन गेली.
मशीन पाण्यात, लोकांच्या लग्नाचे खण पाण्यात,
आणि नाझरेबाई कागदी बेतांचं गाठोडं
डोक्यावर घेऊन गच्चीत, दोन दिवस.
गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. बरोबरच होतं त्यांचं.

नोकरीचा अर्ज मीच भरला.
शिक्षण: सातवी.
पुढे दोन रेघा रिकाम्या होत्या.
"लिही," म्हणाल्या, "त्यानंतर कात्री."
हिशेबखात्यानं तो सहा महिने परत पाठवला,
कात्री कुठल्या विद्यापीठाची, असं विचारून.

चौथी गोधडी फाटली नाही.

आता मी पॉलिटेक्निकात शिकवतो.
कसा पोचलो, ते वेगळंच, त्यातही एक मशीन आहे, जुनं, पायाचं.
फळ्यावर लिहितो: औष्णिक प्रसरण.
कंसात लिहितो: माया.
मुलं वहीत उतरवतात,
परीक्षेत कोणी लिहीत नाही.

यान सुटलं त्या रात्री
सगळी गल्ली गच्चीवर, माना वर, दुर्बीण एकच,
तीही भलत्याच ताऱ्यावर रोखलेली.
नाझरेबाई खाली दिव्याशी बसून
बोटांची चिमूट करायच्या, सोडायच्या, पुन्हा करायच्या.
"काय शोधताय?"
"शेवटचा टाका. डाव्या कोपऱ्याचा.
गाठ आतून मारली की बाहेरून,
काही केल्या आठवत नाही बघ."